कट्ट्यावरचा पगार बंद करा, मांजर आपोआप उतरतं

ताई, तुमचा प्रश्न वाचला. दीड वर्षाची मांजरी दिवसातून दहा वेळा स्वयंपाकाच्या कट्ट्यावर चढते, पाण्याचे फवारे मारून झाले, संत्र्याच्या साली मांडून झाल्या, आणि आता सासूबाई म्हणतात, "एक तर ती मांजरी, नाहीतर मी." वर कुणीतरी कट्ट्याच्या कडेला तिखट भुरभुरायला सांगितलंय.

आधी ते तिखट पुसून काढा. मांजराच्या पंजाला लागलेलं सगळं शेवटी त्याच्या जिभेवर आणि डोळ्यांत जातं, आणि आपल्याकडच्या संकेश्वरी मिरचीचा झणका काय असतो ते तुम्हाला सांगायला नको. फिनेल, डांबराच्या गोळ्या, लिंबाचं तेल हेही नको. माणसाचं यकृत जी रसायनं पचवून बाहेर टाकतं त्यातली बरीच मांजराच्या यकृताला जमत नाहीत, ती अंगात साचतात. सालींचा वास एका दिवसात उडतो, म्हणून त्या तुमच्याकडे चालल्या नाहीत.

आमचं घर बेळगावच्या वडगावात. पुढं विणकामाचा माग, मागं स्वयंपाकघर, मधल्या खोलीत बासमतीची पोती. पोती म्हणजे उंदीर, आणि उंदीर सूत कुरतडतात, म्हणून आमच्यात मांजर हौसेनं पाळत नाहीत, ते घरातच असतं. 25 वर्षांत सात मांजरं झाली. पहिल्या दोघांच्या वेळी मी तुमच्यासारखंच केलं. दिसलं की हाड्, हातात असेल ते लाटणं कट्ट्यावर आपटायचं. वाटलं, शिकलं. एकदा खडेबाजारातून परत आले तर कणकेच्या परातीच्या कडेनं पिठाचे पंजे या टोकापासून त्या टोकापर्यंत. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात ते खोटं आहे, ते डोळे उघडे ठेवून आपण घरात आहोत का ते बघून घेतं. ओरडण्यातून ते एवढंच शिकतं की ही बाई समोर असताना कट्टा धोक्याचा, ती गेली की मोकळा. आणि मागाहून रागावलात तर त्याचा नि कट्ट्याचा संबंध त्याला लागतच नाही.

कट्ट्यावर त्याला पगार मिळतो म्हणून ते चढतं. कुणाला पातेल्याच्या कडेची साय मिळते, कुणाला खिडकीतली चिमणी, कुणाला नळाचं ठिबकणारं पाणी. पावसाळ्यात, बेळगावात चार-चार दिवस ऊन दिसत नाही तेव्हा, नुकत्याच बंद केलेल्या गॅसच्या शेजारची ऊब हाही पगारच. शिवाय मांजराला उंचावरून घर बघायचं असतं, आणि स्वयंपाकघरात सगळ्यात उंच, सगळ्यात गजबजलेली जागा कोणती? म्हणून आधी दोन-तीन दिवस काहीच करू नका, नुसतं बघा. वर गेल्यावर पहिल्या मिनिटात ती काय करते? नळ चाटत असेल तर पाण्याचं भांडं जेवणाच्या ताटलीपासून लांब, दुसऱ्या खोलीत ठेवा, बऱ्याच मांजरांना जेवणाशेजारचं पाणी आवडत नाही. खिडकीत बसत असेल तर दुसरी खिडकी द्या. वास घेत फिरत असेल तर मात्र काम तुमचं आहे, तिचं नाही.

आपल्या आज्या मांजराला शिकवत बसल्या नाहीत, त्यांनी शिंकं टांगलं. दूध झाकायचं, खरकटं लगेच उचलायचं, कट्टा कोरडा पुसायचा. यात एका दिवसाचीही सूट नाही. शिंकं तुटलं नि बोक्याचं फावलं, हे एकदा जरी झालं तरी बोका पुढं महिनाभर रोज शिंक्याखाली येऊन बसतो. रोज मिळणारं बंद झालं तर मांजर लवकर नाद सोडतं, पण दहातल्या एका वेळी मिळत असेल तर दहाही वेळा येतं.

हे मला आमच्या मामंजींनी शिकवलं. तिसऱ्या मांजराच्या वेळी, भागी तिचं नाव, मी तीन महिने सगळं नेटानं केलं तरी बाई रोज पहाटे कट्ट्यावर हजर. एकदा साडेपाचला उठले तर मामंजी कट्ट्याच्या कोपऱ्यात बशीत साय काढून देताहेत. मला बघून म्हणाले, "खाऊलालंय बघ, खाऊंदे की." आता सासऱ्यांना काय बोलणार! बशी मी पडवीत नेली, वेळ तीच ठेवली, सायीऐवजी उकडलेल्या कोंबडीचे तुकडे ठेवले, कारण मोठ्या मांजरांना दूध बहुधा पचत नाही, पोट बिघडतं. चार-पाच दिवसांत भागी पहाटे पडवीत जाऊन मामंजींची वाट बघायला लागली.

कट्ट्यावरचा पगार बंद केला की दुसरीकडे सुरू करावा लागतो, हे बहुतेक जण विसरतात. स्वयंपाकघराच्या दारात एक उंच स्टूल ठेवा, पाय घसरू नयेत म्हणून वर गोणपाट, आणि तिथून कट्टा दिसला पाहिजे. ती स्टुलावर गेली की त्याच क्षणी हरभऱ्याच्या डाळीएवढा तुकडा, मीठ, कांदा, लसूण न लागलेला. कांदा-लसूण मांजराला विषारी आहे, रश्श्यातला तुकडा धुऊन दिला तरी नको. मग एक शब्द ठरवा. आमच्यात मी "खाली ये" म्हणायची, शेजारच्या अक्का कानडीत "बा इल्ली" (इकडे ये), मुलगा "डाऊन", आणि मांजर तिघांच्या तोंडाकडे बघत बसायचं. शेवटी "स्टूल" ठरवलं, तिन्ही भाषांत एकच.

इथं एक गोम आहे. ती कट्ट्यावर चढली, तुम्ही "स्टूल" म्हणालात, ती उतरून स्टुलावर गेली आणि लगेच खाऊ मिळाला, तर हुशार मांजर काय शिकेल? आधी कट्ट्यावर चढायचं म्हणजे बोलावणं येतं. आमच्या शिऱ्या बोक्यानं हे दोन दिवसांत शोधून काढलं होतं. म्हणून उतरल्यावर थोडं थांबवा, मगच द्या, आणि मोठे तुकडे ती न सांगता आपणहून स्टुलावर बसेल तेव्हासाठी राखा. कट्ट्यावरून उचलून कुशीतही घेऊ नका, तोही पगारच झाला.

वेळेचंही बघा. मांजराच्या अंगात पहाटे आणि दिवेलागणीला वारं शिरतं, नेमकी आपली फोडणीची वेळ. त्याआधी दहा मिनिटं दोरीशी खेळवा, मग पोटभर खायला द्या, मग गॅस पेटवा. खेळ झाला की दोरी मात्र उचलून ठेवा. मागाच्या घरात हे जास्त सांगावं लागतं. गिळलेला धागा आतड्यात अडकला की लेंग्याचा नाडा ओढल्यासारखी आतडी गोळा होतात, बहुतेक वेळा ऑपरेशनच करावं लागतं. धागा तोंडातून किंवा मागून लोंबताना दिसला तरी ओढायचा नाही, तसंच दवाखान्यात न्यायचं.

तुम्ही घरात नसताना कट्ट्याच्या कडेला दोन्ही बाजूंनी चिकट टेप लावलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या ठेवा. पंजाला चिकचिक लागली की ती कट्ट्याला वैतागते, तुम्हाला नाही. चांदीच्या कागदाचा फार बोलबाला आहे, शिऱ्या तिसऱ्या दिवशी त्यावर झोपला. बोटानं चालणारी इंडक्शन शेगडी असेल तर भिंतीवरचं बटण बंदच ठेवा, ती पंज्यानंही चालू होऊ शकते.

आणि रविवारी बांगडे आणलेत तर हे सगळं विसरा, दार लावून घ्या.

सासूबाईंचं चूक नाही. मातीत उकरलेले पाय भाकरी थापायच्या जागी कुणाला चालतील? चिरायचा पाट आत ठेवा, स्वयंपाकाआधी त्यांच्यासमोर कट्टा पुसा. मामंजींची बशी पडवीत गेल्यापासून भागीला तीन आठवडे लागले, सात वर्षांच्या शिऱ्याला अडीच महिने, तोही पहिल्या पावसात परत गॅसशेजारी जाऊन बसला होता.

दोन-तीन दिवस बघा आणि पहिल्या मिनिटात ती काय करते ते इथं लिहा, मग पुढचं सांगते. आणि सासूबाई पहाटे किती वाजता उठतात, तेही जरा बघा.