व्हर्जन चालू सर्व्हरलाच विचारा

प्रश्न: आमच्याकडे पोस्टग्रेस या डेटाबेसचे सात-आठ सर्व्हर आहेत. रोज सकाळी एका मशीनवरून शेल स्क्रिप्ट चालवून सगळ्यांची व्हर्जन फाइलमध्ये लिहून घेतो. सगळीकडे १५.६ येत होतं, पण एका सर्व्हरवर १५.४ च चालू निघालं. स्क्रिप्टमध्ये 'पीएसक्यूएल डॅश-डॅश व्हर्जन' आहे. चुकतंय कुठे?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: अहो, ती कमांड सर्व्हरशी बोलतच नाही, तुमच्या मशीनवरच्या पीएसक्यूएलची, म्हणजे सर्व्हरला जोडून घेणाऱ्या क्लायंट प्रोग्रॅमची व्हर्जन सांगते, सर्व्हर बंद करून चालवली तरी तेच उत्तर येईल. आणि प्रत्येक सर्व्हरवर लॉगिन करून 'पोस्टग्रेस डॅश-डॅश व्हर्जन' विचारलंत तरी खात्री नाही, कारण ते डिस्कवरच्या फाइलचं उत्तर असतं. मी स्वतः यात फसलोय, रात्री पॅकेज अपग्रेड झालं, रीस्टार्ट राहून गेला, डिस्कवर नवीन आणि मेमरीत जुनाच प्रोसेस, म्हणजे सिक्युरिटीचा पॅच लागलाच नव्हता आणि आम्ही मात्र निवांत.

त्यामुळे प्रत्येक सर्व्हरला कनेक्ट होऊन 'शो सर्व्हर_व्हर्जन_नम' विचारा. १५.४ असेल तर १५०००४ येतं, ९.६.२४ असेल तर ९०६२४. हा सरळ आकडा आहे, तुलना बिनधास्त करा. टेक्स्ट म्हणून तुलना केलीत तर ९.६ हे १० पेक्षा मोठं ठरतं, आणि २०१७ मध्ये १० आलं तेव्हापासून तीन भागांचे नंबर दोन भागांचे झालेत, तिथे कितीतरी स्क्रिप्ट आपटल्या. पीएसक्यूएलला कॅपिटल एक्स, कॅपिटल ए आणि स्मॉल टी हे ऑप्शन द्या, मग हेडिंग, रेघा काही न येता नुसता आकडा येतो.

बिल्डची, म्हणजे सर्व्हर प्रोग्रॅम कसा तयार केला त्याची माहिती हवी तर 'सिलेक्ट व्हर्जन' मध्ये कंपायलरपर्यंत सगळं दिसतं, पण ती ओळ माणसाने वाचायची, स्क्रिप्टने तोडायची नाही. तो तयार करताना दिलेले कॉन्फिगरचे ऑप्शन सर्व्हरमधल्या पीजी_कॉन्फिग व्ह्यूत मिळतात, साध्या युजरला तो दिसत नाही. सर्व्हर कधीपासून चालू आहे ते पीजी_पोस्टमास्टर_स्टार्ट_टाइम सांगतं, ही वेळ व्हर्जनशेजारी जरूर लिहा, रीस्टार्ट राहिलाय ते लगेच कळतं. पीजी_सेटिंग्जमधला पेंडिंग_रीस्टार्ट कॉलमही बघत जा, फाइल बदलून रीलोड केलं पण रीस्टार्टशिवाय लागू न होणारी सेटिंग तिथे सापडते.

आणि कनेक्शनच झालं नाही तर पीएसक्यूएल एक्झिट कोड (कमांड संपताना मिळणारा आकडा) २ देतं, तो तपासा, नाहीतर फाइलमध्ये रिकामी ओळ पडेल आणि कोणाच्या लक्षातही येणार नाही.