आई-बाबांना घेऊन व्हिएन्नाला जातोय. डॅन्यूबवरची सात दिवसांची क्रूझ घ्यावी की एक दिवस पुरेल? आणि मेल्कचा मठ खरंच पाहण्यासारखा आहे का?

एक दिवस पुरेल, फक्त तो नीट आखा. ऑस्ट्रियातल्या डॅन्यूबचा सगळ्यात देखणा भाग म्हणजे वाखाउ, मेल्क ते क्रेम्स, जेमतेम ३५ किलोमीटर. २००० साली तो युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. व्हिएन्नाहून सकाळच्या रेल्वेने मेल्क गाठा, आधी मठ पाहा आणि मग क्रेम्सकडे जाणारी बोट धरा. नदी त्याच दिशेने वाहते, त्यामुळे पावणेदोन तासांत पोहोचता. उलट दिशेने प्रवाहाविरुद्ध जवळपास तीन तास जातात, आणि मठाचा चढ दमलेल्या पायांनी चढावा लागतो.

मठ तर चुकवूच नका. १०८९ पासून तिथे बेनेडिक्टाइन या ख्रिस्ती पंथाचे साधू राहतात, आजही राहतात, शाळाही चालवतात. आत्ताची पिवळी, अवाढव्य इमारत १७०२ ते १७३६ या काळात उभी राहिली, वास्तुरचनाकार याकोब प्रांटाउअर. संगमरवरी दालनात गेलात की भिंती निरखून बघा. दारांच्या चौकटी तेवढ्या खऱ्या संगमरवराच्या, बाकी सगळा गिलावा रंगवून, घोटून केलेला भास. छतावरचे खांबही चित्रातलेच. साधूंना एवढा थाट कशाला, असा प्रश्न पडतोच. मला तरी पडला. ग्रंथालयात सुमारे एक लाख ग्रंथ आहेत, पण पर्यटकाला त्यातल्या थोड्याच खोल्या दिसतात.

चर्चमध्ये सोन्याकडे सगळ्यांचंच लक्ष जातं. तुम्ही कोलोमान या संताची समाधी शोधा. तो जेरुसलेमला निघालेला आयरिश यात्रेकरू. १०१२ साली व्हिएन्नाजवळ श्टोकेराउला लोकांनी त्याला हेर समजून पकडलं. त्याची भाषा कुणाला कळेना, त्यामुळे बिचाऱ्याला बाजूही मांडता आली नाही आणि त्याला फासावर चढवलं. दोन वर्षांनी त्याचे अवशेष मेल्कला आणले आणि तो संत झाला.

बोटीत डेकवर डाव्या हाताला बसा. विलेनडॉर्फ, स्पिट्झ, वाइसेनकिर्शन ही गावं त्याच काठावर आहेत. विलेनडॉर्फला १९०८ साली ती प्रसिद्ध अश्मयुगीन स्त्रीमूर्ती सापडली. उंची फक्त ११ सेंटीमीटर, आता व्हिएन्नाच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात आहे. पुढे डोंगरउतारावर दगडी बांधांचे द्राक्षमळे लागतात. मध्ये नदीवर एकही पूल नाही, गाड्यासुद्धा फेरीबोटीतून पलीकडे जातात.

ड्युर्नस्टाइनला उतराच. निळ्या मनोऱ्याचं चर्च नदीवरूनच दिसतं. वरच्या पडक्या किल्ल्यात इंग्लंडचा राजा रिचर्ड ११९२-९३ च्या हिवाळ्यात कैदेत होता. धर्मयुद्धात त्याने ऑस्ट्रियाचा ड्यूक लिओपोल्ड याचा अपमान केला होता, तो असा महागात पडला. सुटकेसाठी दिलेल्या चांदीतला ऑस्ट्रियाचा वाटा व्हिएन्नाच्या तटबंदीला कामी आला. चढ दगडांचा आणि खडा आहे. आई-बाबांना खालच्या गल्लीत बसवून तुम्ही जाऊन या. तोवर त्यांना जर्दाळूचे क्नोडेल मागवा: आत अख्खं जर्दाळू, वरून लोण्यात परतलेला पावाचा चुरा, दिसायला मोदकाचा गोरा चुलतभाऊ. अंडं चालत नसेल तर आधी विचारून घ्या, पिठात बहुधा असतं.

ड्युर्नस्टाइनहून क्रेम्स आठेक किलोमीटर, पुढची बोट उशिरा असेल तर बस आहे. क्रेम्सहून व्हिएन्नाला थेट गाडी मिळते.

सात दिवसांची क्रूझ मी एकाच कारणासाठी सुचवेन: आई-बाबांना रोज बॅगा उचलणं, हॉटेलं बदलणं झेपत नसेल तर. जर्मनीतलं पासाउ ते बुडापेस्ट अशा फेऱ्यांमध्ये खोली एकच राहते. पण बुक करण्याआधी वाखाउ दिवसा लागतं की रात्री, हे विचाराच. आणि कुठलीही बोट घ्या, साधारण एप्रिल ते ऑक्टोबरमध्येच जा. पुराचं पाणी चढलं की फेऱ्या बंद होतात, म्हणून आदल्या दिवशी वेळापत्रक पाहून घ्या.