तुझ्या रात्रीच्या व्हॉइस नोटला उत्तर

सलाम रे,

तुझी व्हॉइस नोट सकाळी चहा करताना ऐकली. मधेच 'पुढील स्टेशन रबाळे' आणि त्यावर तुझा आवाज, की मावशी, रविवारी चर्चमध्ये पोरांना बायबल शिकवणं मला नाही जमणार, पाळकांना सांगतो दुसरं कुणीतरी बघा. सांग की, कोण अडवतंय, फक्त रात्री साडेदहाला उपाशीपोटी लोकलच्या दारात उभं राहून ठरवलेलं लगेच कुणाला कळवू नये एवढंच म्हणते. मी स्वतः साधारण दर पावसाळ्यात सोडायचं ठरवते आणि मग भजी खाल्ली की विसरते.

बरं, तुझ्याकडे शिकवायला आलंय काय तर हबक्कूक, जुन्या करारातलं एका संदेष्ट्याचं चिमुकलं पुस्तक. तीन अध्याय, सगळी मिळून ५६ वचनं, आणि तू नोट्स काढल्यास २२ पानं! यूट्यूबवरचे चार संदेश, कुणी पाठवलेल्या पीडीएफ, बाबेलचा इतिहास, खास्द्यांची म्हणजे त्या बाबेलवाल्यांची लढाई, सगळं. आणि मग म्हणतोस डोकं बंद पडलंय. पडणारच ना बाबा.

माझं सांगते. कळव्याला संडे स्कूलच्या मोठ्या पोरांना मी पहिल्यांदा शिकवलं ते निवासमंडपावर, म्हणजे मोशेच्या काळातल्या उपासनेच्या तंबूवर. आठवडाभर बसून कार्डबोर्डचा कराराचा कोश, म्हणजे त्यातली पवित्र पेटी, केली, अडीच हात लांब, दीड हात रुंद, दीड हात उंच, वर सोनेरी कागद, हात म्हणजे कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत वगैरे. चाळीस मिनिटं मापंच सांगत बसले. शेवटी एक पोरगी म्हणाली, टीचर, आत काय ठेवलं होतं? आणि मी ब्लँक. दगडी पाट्या, मान्नाचं भांडं, अहरोनाची काठी, लहानपणापासून पाठ असलेलं, त्या क्षणी एक शब्द तोंडातून फुटेना. पंख्याचा कुरकुर आवाज अजून आठवतो. घरी येऊन जे रडले, आईला वाटलं कुणी काही बोललं.

तेव्हापासून मी तयारीला बसले की आधी बाकीचं सगळं बंद करते आणि उतारा मोठ्याने वाचते, दोनदा. मोबाईलवर नाही, पुस्तकातून. मग वहीत हाताने उतरवते. हबक्कूक उतरवायला फार तर दोन संध्याकाळी लागतील. उतरवताना हात जिथे अडतो ना, 'हे असं का म्हणाला असेल', तिथे खूण कर. तुला असल्या तीन खुणा मिळाल्या तरी रविवारचं झालं. टीकाग्रंथ, म्हणजे अर्थ समजावणारी पुस्तकं, त्यानंतर उघड, आणि फक्त त्या खुणांपुरते.

तू नोटमध्ये काय म्हणालास आठवतंय? 'एवढी प्रार्थना करतोय पण देव ऐकतच नाहीये.' आता पहिल्या अध्यायाचं दुसरं वचन काढून बघ. मी हसले खरं सांगते, चहा उतू गेला. हा हबक्कूक संदेष्टा आहे, देवाचा निरोप सांगणारा, आणि सुरुवातच तक्रारीने करतो, आणि देव त्याला त्यावरून झापत नाही. उत्तर मिळतं तेही आणखी घाबरवणारं, मग तो परत भांडतो. पोरांना हे सांग ना. तुझी तक्रार लपवून वरून गुळगुळीत शिकवायला जाशील तर ती दहावीची पोरं लगेच ओळखतात.

दुसऱ्या अध्यायात देव त्याला सांगतो, पाट्यांवर असं स्वच्छ लिही की धावता धावताही वाचता यावं. ठाण्याला दहा नंबरवर वाशीची गाडी पकडायला पळणारी माणसं बघ, त्यातल्या एकाला तुझी २२ पानं देऊन बघ.

आणि सोप्या भाषेचं काम हलकं समजू नकोस. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून आख्खं बायबल साध्या बायकांना कळेल अशा मराठीत आणलं, त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, संस्कृतात एवढ्या मोठ्या विदुषी असून. १९२१ मध्ये मुलगी मनोरमा गेली, १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या स्वतः. त्या शेवटच्या वर्षातही भाषांतराचं काम चालूच होतं. त्यांचं भाषांतर कुणाकडे मिळालं तर हबक्कूक त्यातही वाच, कानाला वेगळं लागतं.

पोरं मोबाईल बघतात, जांभया देतात, हे तुझं दुसरं रडगाणं. अरे बायबलमध्येच आहे, त्रोवस गावात खुद्द प्रेषित पौल बोलत असताना युतुख नावाचा तरुण खिडकीत झोपला आणि तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला! तुझा वर्ग तळमजल्यावर आहे.

शनिवारी संध्याकाळी ये घरी. ऐरोलीला उतरून रिक्षा कर, चालत नको येऊस. बोंबील तळते. उतरवलेली वही आण आणि ती २२ पानंही आण, माझ्या कपाटात ठेवू, रद्दीत घालू नकोस, पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाला हबक्कूक मिळाला की लागतील.

तुझी,
मावशी