तीस गुंठे उन्हाळी कांद्याला युरिया किती?

प्रश्न : साहेब, ३० गुंठ्यांत उन्हाळी कांदा लावतोय. हेक्टरी १००:५०:५० (किलो नत्र:स्फुरद:पालाश) ची शिफारस वाचली. दुकानदार युरियाच्या तीन गोण्या सांगतो, चुलतभाऊ म्हणतो एक पुरे. खरं किती? आणि औषध १० लिटरला १० मिली लिहिलंय, माझा पंप १६ लिटरचा आहे.

उत्तर : दोघांनीही अंदाजच ठोकलाय. हिशेब शाळेतल्या त्रैराशिकाचा आहे, पण तो दोनदा मांडावा लागतो आणि दुसऱ्यांदा मांडायचं बहुतेकांकडून राहून जातं.

आधी क्षेत्र. एकर म्हणजे ४० गुंठे आणि हेक्टर जवळपास अडीच एकर, तेव्हा हेक्टरला १०० गुंठे धरा. सातबाऱ्यावरचा आर (हेक्टरचा शंभरावा भाग) आणि गुंठा यांत शंभरात एकाचा फरक पडतो. खतासाठी तो सोडून द्या. १०० गुंठ्यांना नत्र १०० किलो, तर ३० गुंठ्यांना ३० किलो. स्फुरद आणि पालाश प्रत्येकी १५.

आता दुसरं. हे ३० किलो नत्र झालं, युरिया नव्हे. १०० किलो युरियात नत्र ४६ किलोच असतं. म्हणजे ३० × १०० ÷ ४६, साधारण ६५ किलो युरिया. युरियाची गोणी हल्ली ४५ किलोची येते, म्हणून जेमतेम दीड गोणी. (बांधावर अजून गोणी म्हटलं की ५० धरतात, तिथेही हिशेब चुकतो.) सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये स्फुरद १६ टक्के, म्हणून ९४ किलो लागेल. पोटॅशमध्ये पालाश ६० टक्के, तेव्हा २५ किलो, म्हणजे ५० किलोची अर्धी गोणी.

डीएपी (नत्र १८ आणि स्फुरद ४६ टक्के असलेलं खत) घेणार असाल तर ३३ किलोत स्फुरद भागतं, पण त्यातून सहा किलो नत्रही येतं. ते वजा करा, युरिया ५२ किलोवर येतो. हे वजा करायला बरेचजण विसरतात. मला विचाराल तर कांद्याला सुपर फॉस्फेटच बरं, गंधकही मिळतं.

स्फुरद, पालाश पूर्ण आणि नत्र अर्धं लागवडीला, उरलेलं नत्र महिन्याभराने. तीन गोण्यांचा मोह मात्र नको. युरिया दुप्पट केला म्हणून कांदा दुप्पट होत नाही, तिथे त्रैराशिक चालत नाही. नत्र जास्त झालं किंवा उशिरा दिलं की माना जाड राहतात आणि माल चाळीत सडतो.

औषधाचं सोपं आहे : १६ लिटरला १६ मिली. झाकणाने नको, मापाने मोजा. खरी गफलत पाण्यात होते. लेबलवर हेक्टरी ५०० लिटर पाणी असेल तर तुमच्या ३० गुंठ्यांना १५० लिटर, म्हणजे नऊ पंपांहून थोडं जास्त. तुम्ही भरभर चालत पाच पंपांत रान उरकलं, तर प्रमाण बरोबर असूनही पिकाला औषध जवळपास निम्मंच मिळालं. त्यावर उपाय म्हणून औषध दाट करू नका, चाल कमी करा. आधी नुसतं पाणी भरून एक गुंठा फवारून बघा, पाच लिटर जायला हवं. तीनच लिटर गेलं तर नोझल बदला किंवा सावकाश चाला, आणि मगच औषधाची बाटली उघडा.