ल्यूथरन चर्चमध्ये नव्याने उपासनेला येणाऱ्यांसाठी

वाशी-नेरुळकडे राहत असाल तर आधी रविवारचा हार्बर लोकलचा मेगाब्लॉक बघून निघा. हसू नका. उशीर झाला की सुरुवातीची पापकबुली आणि पाळकांनी जाहीर केलेली क्षमा हुकते, आणि माझ्या मते ल्यूथरन उपासनेचा जीव तिथेच आहे. पुढची गीतं, शास्त्रपाठ, उपदेश सगळं त्या क्षमेवर उभं असतं.

कधी उभं राहायचं, कधी बसायचं याचं दडपण नको. शेजारच्या मावशींकडे बघत राहा.

प्रभुभोजनाची मात्र घाई करू नका. भाकर आणि द्राक्षारसात ख्रिस्ताचं शरीर व रक्त खरोखर मिळतं, असं आपण मानतो. ती नुसती आठवण नाही. म्हणून आधी पाळकांशी बोला, शिक्षण घ्या.

घरी जाडजूड पुस्तकं नकोत. ज्याच्या नावाने आपली मंडळी ओळखली जाते त्या मार्टिन ल्यूथरची १५२९ ची लहान प्रश्नोत्तरी पुरे: दहा आज्ञा, मतांगीकार (आपण काय मानतो त्याची थोडक्यात कबुली), प्रभूची प्रार्थना, बाप्तिस्मा, प्रभुभोजन. कुटुंबप्रमुखाने घरात शिकवावं, इतकी ती साधी. तिच्यातली सकाळची प्रार्थना झाली की गीत म्हणत आनंदाने कामाला लागा, असं तो सांगतो. रात्रीची झाली की लगेच निवांत झोपा. लोकल पकडणाऱ्याला याहून लांब काही झेपतही नाही!

आणि उपासना संपल्यावर लगेच सटकू नका. कोण आजारी आहे, कुणाला भेटायला जायचं, पुढचा शास्त्रपाठ कोण वाचणार, हे तेव्हाच ठरतं. तुमचं नाव सुचवलं तर नाही म्हणू नका.