छर्रा प्लास्टिकचा, पंचनाम्यात ‘राइफल’

प्रश्न : मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहतो, वय २६. माझ्याकडे टेव्होर एक्स-९५ या लष्करी रायफलसारखी दिसणारी, बॅटरीवर चालणारी एअरसॉफ्ट, म्हणजे प्लास्टिकचे छर्रे उडवणारी नकली बंदूक आहे. तिच्यात कडक स्प्रिंग घातली, टोकाचा नारिंगी तुकडा काढला, सगळी काळी रंगवली. गच्चीवर नेम धरताना शेजाऱ्यांनी पाहिलं आणि पोलीस ती घेऊन गेले. परवा ठाण्यात बोलावलंय. मोबाइलमध्ये खऱ्या टेव्होरची चित्रं, माहिती आहे. पुसून टाकू का?

उत्तर : काहीही पुसू नका. छापून आलेली माहिती वाचणं हा गुन्हा नाही. चौकशी लागल्यावर ती नष्ट करणं मात्र भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ खाली गुन्हा ठरू शकतो. खरी टेव्होर आपल्या शेजारच्या मालनपुरातच बनते, तेव्हा तुमचं कुतूहल मला कळतं. फक्त ते कारखान्याच्या फाटकापर्यंत नेऊ नका. कामगाराकडून एखादं ड्रॉइंग मिळवलंत की प्रकरण वेगळ्याच कायद्यात जाईल.

खरी भीती शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ६ ची. नकली बंदुकीची खरी बंदूक करायला परवाना लागतो. विनापरवाना केली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान ७ वर्षं, कमाल जन्मठेप. तुम्ही तसं केलेलं नाही, असं माझं मत. ०.२० ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १०० मीटर वेगाने सुटला तर त्यात १ ज्यूल ऊर्जा असते; १४० मीटरने सुटला तरी २ ज्यूलच्या आत. २०१६ च्या शस्त्र नियमांत एअरगनला परवाना लागण्याची रेषा २० ज्यूलची आहे. पण तिथेच ४.५ मिलिमीटर व्यासाचीही रेषा आहे आणि तुमचा छर्रा ६ चा. मी सरकारी वकील असतो तर नेमकं तिथेच बोट ठेवलं असतं.

म्हणून परवा सगळं लक्ष कागदावर ठेवा. भिंड-मुरैनाच्या वाटेवरच्या आपल्या हवालदाराला कट्टा ओळखता येतो, एअरसॉफ्ट त्याने बहुधा पाहिलेलीही नसते. तो पंचनाम्यात ‘राइफल’ लिहून मोकळा होतो आणि तो शब्द पुढे वर्षभर तुमच्या मानेवर बसतो. जबाब हिंदीत होईल. कौतुकाने ‘असली जैसी बना ली’ म्हणू नका. ‘स्प्रिंग बदली है, प्लास्टिक का छर्रा चलता है,’ एवढंच. बिल, छर्‍यांचं पाकीट, जुनी स्प्रिंग बरोबर न्या. काडतुसाची जागा नाही, फायरिंग पिन नाही, हे नोंदवायला सांगा आणि सागरच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडून तपासणी करून घ्यावी, असा लेखी अर्ज द्या. वस्तू परत मागायची वाट नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ मधून आहे. ते नंतर बघू.

नारिंगी टोकाचा नियम मुळात अमेरिकेचा. ते काढलं म्हणून इथे कोणी खटला भरणार नाही, पण शेजाऱ्यांना तुमच्या हातात काय दिसलं याचं उत्तर त्यातच आहे. परत मिळाली की आधी ते बसवा.

बोलावणं तोंडी आहे की लेखी? लेखी असेल तर त्यावर नागरिक सुरक्षा संहितेचं कोणतं कलम आहे ते बघा. १७९ असेल तर साक्षीदार म्हणून, ३५(३) असेल तर संशयित म्हणून. दुसरं असेल तर एकटे जाऊ नका, वकील बरोबर घ्या.