तालुक्याच्या गावी भटक्या कुत्र्यांसाठी शेल्टर काढायचंय, सुरुवात कुठून करू?

आधी पिंजरे बांधत बसू नका, आम्ही तीच चूक केली. शेल्टर आहे कळलं की लोक रात्री गेटला पोत्यात पिल्लं ठेवून पसार होतात, आमच्याकडे एकदा पाच आली, एकाला पार्व्हो (पिल्लांचा झपाट्याने पसरणारा जीवघेणा विषाणूचा आजार) होता आणि आठवड्यात शेल्टरमधली निम्मी पिल्लं गेली, कारण आम्ही नुसतं फिनेल मारत होतो, त्यावर भरवसा नाही, ब्लीच लागतं. म्हणून नवीन जनावर दोन आठवडे वेगळं, भांडी-झाडूसकट. आणि काम करणाऱ्या पोरांना रेबीजची लस आधीच द्या, चावायची वाट बघू नका.

कागदपत्रं म्हणाल तर धर्मादाय आयुक्तांकडे ट्रस्ट नोंदवा, मग 80जी (देणगीवर करसवलत मिळवून देणारी आयकर खात्याची मान्यता), देणगीदार पहिलं तेच विचारतात. नसबंदी करायची तर 2023 च्या एबीसी (प्राणी जन्म नियंत्रण) नियमांप्रमाणे प्राणी कल्याण मंडळाची मान्यता हवी, आणि गल्लीतलं कुत्रं (रेबीजचं किंवा अंगावर धावणारं सोडून) ऑपरेशन, लस झाली की त्याच गल्लीत परत सोडायचं असतं, हे सोसायटीवाल्यांना समजावताना घसा बसतो.

खाण्याची फार चिंता नको, खानावळीवाले उरलेला भात देतात, फक्त कांदा-लसूण घातलेलं घेऊ नका. खरा खर्च डॉक्टरचा.